नाव यादीत होतं

२०११ च्या पावसाळ्यातली गोष्ट. लालबागला चिवडा गल्लीपासून चार पावलांवर माझं डीटीपीचं दुकान होतं. दुपारी तीनच्या सुमाराला एक बाई आल्या. भिजलेली छत्री त्यांनी बाहेरच दाराच्या कडीला अडकवली, पदराला हात पुसले आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला एक कागद माझ्यापुढे धरला. त्यावर नवऱ्याचं नाव, गिरणीचं नाव, खातं आणि तिकीट नंबर एवढंच लिहिलेलं होतं. अक्षर शाळकरी मुलाचं वाटत होतं.

"भाऊ, ह्यांचं नाव बघा की तुमच्या यादीत. पावती गावंना झालीया. नंबर तेवढा द्या लिहून."

यादी म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. गिरण्यांच्या जमिनींपैकी जे तुकडे म्हाडाच्या वाट्याला आले, त्यांवर कामगारांसाठी घरं बांधायची होती. त्यासाठी दीड लाखाच्या आसपास अर्ज आले होते. आमच्या भागातल्या एका गिरणीच्या जुन्या कामगारांनी आपल्यापुरती एक यादी करायला घेतली. आपल्यातल्या कोणी अर्ज भरला, पावतीचा नंबर काय, वारस कोण. दोन हजारांवर नावं होती. टायपिंग माझ्याकडे होतं. पैसे मी नावापुरते घेत होतो, कारण माझे वडील त्याच गिरणीत साचेखात्यात होते.

बाईंचं आडनाव सांगत नाही. त्यात एक 'ऱ्ह' आहे, 'वऱ्हाड' आणि 'कऱ्हाड' या शब्दांत असतो तो. मी ते शोधाच्या चौकटीत टाईप केलं आणि बटण दाबलं. उत्तर आलं, सापडत नाही. पुन्हा टाईप केलं, काळजीपूर्वक. पुन्हा तेच.

मी म्हणालो, "मावशी, नाव नाही यादीत. अर्ज पोचलाच नसणार."

या दोन वाक्यांतलं पहिलं चुकीचं होतं. दुसऱ्याचा तर मला काही अधिकारच नव्हता. मशीनने मला एवढंच सांगितलं होतं की मी दाबलेल्या कळांशी तंतोतंत जुळणारं काही त्याला मिळालं नाही. अर्ज पोचला नाही, हे मी माझ्या मनचं जोडलं.

त्या म्हणाल्या, "दिलाय की. मी स्वतः रांगेत हुबी हुते." मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "बघा, कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल?" त्यांना वाचता येत नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, कागद पुन्हा पिशवीत घातला, छत्री काढली आणि गेल्या.

मी या धंद्यात नवखा नव्हतो. १९७६ साली, सतराव्या वर्षी, गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी म्हणून लागलो. गिरगाव-काळबादेवीचा तो पट्टा म्हणजे मराठी छपाईचं माहेर. जावजी दादाजींनी १८६९ साली काढलेला निर्णयसागर छापखाना याच भागातला. त्यांच्या ओतशाळेतले देवनागरी खिळे देशभर जात. खटाववाडीत मौजेचा छापखाना होता. आमचा छापखाना या नावांच्या जवळपासही नव्हता. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, अधूनमधून एखादी कादंबरी. पण फोरमन जुन्या वळणाचे होते. त्यांना सगळे मामा म्हणत.

खिळ्यांच्या केसमध्ये प्रत्येक अक्षराचं घर ठरलेलं असे. रफाराचं घर वेगळं आणि अर्ध्या र चं, त्या आडव्या चंद्रकोरीचं, घर वेगळं. पहिल्याच आठवड्यात मी 'दऱ्या' हा शब्द रफार लावून जुळवला. मामांनी स्टिक हातात घेतली आणि मला मोठ्याने वाचायला लावलं. "दर्या म्हणजे समुद्र. लेखकाला डोंगरातल्या दऱ्या म्हणायच्या आहेत. वाचून बघ. रफार असला की आधीच्या अक्षरावर जोर बसतो, जीभ तिथे आपटते. चंद्रकोर असली की ती नुसती सरकून जाते." मग त्यांनी मला आचार्यांना आणि आचाऱ्यांना या दोन शब्दांतला फरक समजावला. एक गुरू, एक स्वयंपाकी. मधे फक्त र कुठे बसतो तेवढाच प्रश्न.

हे मला वयाच्या सतराव्या वर्षापासून ठाऊक होतं. म्हणून पुढच्या चुका अज्ञानातून झाल्या असं मी म्हणू शकत नाही.

छापखान्याने आणखी एक सवय लावली होती. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले आणि 'अर्थात', 'विद्वान', 'कदाचित' असे शब्द शेवटचा पाय न मोडता लिहायचे ठरलं. जुनी पुस्तकं पुन्हा छापायला आली की शब्दाच्या टोकाला लटकणारी ती पायमोडकी चिन्हं काढून टाकणं हे आम्हा पोरांचं काम असे. शेकडो पानं मी तशी साफ केली. अक्षराखालचं किंवा अक्षरामागचं बारीक काही म्हणजे काढून टाकायची गोष्ट, हे हाताच्या अंगवळणी पडलं.

नव्वदच्या दशकात खिळे गेले, पेजमेकर आलं. तेव्हाचे मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली चित्रं होती. इंग्रजीतलं एखादं चिन्ह दाबलं की अर्धा त उमटायचा, दुसरं दाबलं की काना. चंद्रकोर हेही त्यातलंच एक चित्र. कागदावर नीट उमटलं की झालं. आत काय साठवलंय याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं, मलाही नव्हतं. मग विंडोज २००० बरोबर युनिकोडचं देवनागरी आलं, सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल फॉन्ट आला, आणि हळूहळू लेखक, प्रकाशक युनिकोडमध्ये मजकूर मागू लागले. जुन्या फायली रूपांतर करून द्यायची कामं मिळू लागली. मीही ती घेऊ लागलो.

पहिली मोठी चूक तिथे झाली. परळच्या एका निवृत्त कामगाराच्या आठवणींचं पुस्तक होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यापासून १९८२ च्या गिरणी संपापर्यंतचं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला तो संप आमच्या घरानेही सोसला होता, त्यामुळे काम मी मनापासून घेतलं होतं. पहिली आवृत्ती जुन्या फॉन्टमध्ये होती. रूपांतर केल्यावर पानांत जागोजागी रिकामे चौकोन दिसू लागले. शोध घेतला तेव्हा कळलं, तिथे एक अदृश्य अक्षर आहे. ना रूप, ना रुंदी. माझ्या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरला ते कळत नव्हतं म्हणून चौकोन दिसत होता. मला वाटलं, रूपांतरात आलेला कचरा असणार. एका आज्ञेत सगळ्या पुस्तकातून ते काढून टाकलं. चौकोन गेले. मी खूश झालो आणि प्रुफं पाठवली.

दुसऱ्या दिवशी लेखक स्वतः आले. सत्तरीचे, परळहून चालत आलेले. पहिलंच पान उघडून त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं. 'संपकर्यांनी'. म्हणाले, "हे कोण?"

ते अदृश्य अक्षर कचरा नव्हतं. युनिकोडमध्ये त्याला जोडणीचं काम आहे. र, मग पाय मोडायचं चिन्ह, मग हे अदृश्य अक्षर आणि मग य, अशा क्रमाने आलं की चंद्रकोर उमटते. अदृश्य अक्षर काढलं की तोच र उठून य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. पुस्तकातल्या सगळ्या संपकऱ्यांचा, शेतकऱ्यांचा, दुसऱ्या-तिसऱ्या पाळीचा आणि किनाऱ्यांचा उच्चार मी एका कळीने बदलला होता.

लाज वाटली आणि घाई झाली. छपाईची तारीख ठरलेली होती. मी उलटी आज्ञा दिली. जिथे जिथे 'र्य' दिसेल तिथे 'ऱ्य' कर. संपकरी जागेवर आले, पाळ्या जागेवर आल्या. दहाबारा पानं चाळली, बरोबर वाटली, आणि फायली छापायला दिल्या. पहिला फर्मा छापून झाल्यावर मशीनवरच्या मुलाने मला फोन केला. त्या फर्म्यात अत्र्यांवर एक प्रकरण होतं आणि मथळ्यात मोठ्या अक्षरांत 'आचाऱ्य अत्रे' असं छापलं होतं. कार्यकर्त्यांचे काऱ्यकर्ते झाले होते, सूर्याचा सूऱ्य.

ज्या जोडीवर मामांनी मला पहिल्या आठवड्यात र शिकवला होता, तीच जोडी. पाचशे प्रतींचा एक फर्मा रद्दीत गेला. कागदाचे आणि छपाईचे पैसे मी भरले. लेखक रागावले नाहीत. त्यांनी आणि मी तीन रात्री दुकानात बसून पुस्तक मोठ्याने वाचलं, ते वाचत आणि मी स्क्रीनवर बघत. पूर्वी छापखान्यात मूळ प्रत वाचायला एक आणि प्रूफ बघायला एक अशी दोन माणसं बसत, तसं. तिसऱ्या रात्री संपाच्या प्रकरणात आपल्या खोलीतल्या भांड्यांबद्दलचा उतारा आला. तो वाचताना ते थांबले, पाणी प्याले आणि पुन्हा सुरुवातीपासून वाचू लागले. एवढ्या वर्षांत मी किती पुस्तकांची पानं लावली, पण न वाचता लावली, हे मला त्या रात्री कळलं.

त्यानंतर मी एक निर्णय घेतला, आणि दुसऱ्या चुकीचं मूळ त्या निर्णयातच होतं. अदृश्य अक्षराची मला धास्ती बसली होती. चंद्रकोर उमटवायची आणखी एक रीत आहे. देवनागरीत खाली टिंब असलेला एक ऱ वेगळा आहे. दक्षिणेकडच्या भाषांमधला उच्चार दाखवण्यासाठी तो मुळात ठेवलेला. त्याचा पाय मोडला आणि पुढे य किंवा ह आला की तीच चंद्रकोर उमटते. इनस्क्रिप्ट कळफलकावर र च्याच कळीवर शिफ्ट दाबून हा ऱ मिळतो. अदृश्य काही नाही, हरवायची भीती नाही. तेव्हापासून मी नवीन टायपिंग याच रीतीने करू लागलो. जुन्या फायली मात्र रूपांतरातून पहिल्या रीतीने येत राहिल्या. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

गिरणीची ती यादी अशीच दोन तुकड्यांची होती. निम्मी नावं कामगारांनी आधी दुसरीकडे जुन्या फॉन्टमध्ये टाईप करून घेतली होती. ती मी रूपांतर केली. निम्मी मी स्वतः टाईप केली. बाईंच्या नवऱ्याचं नाव पहिल्या निम्म्यात होतं. शोधताना मी दाबली ती दुसरी रीत.

हे कळलं ते चार महिन्यांनी, आणि माझ्या हुशारीने नाही. यादीची छापील प्रत आम्ही भारतमाता सिनेमाच्या बाजूला एका मंडळाच्या फळ्यावर लावली होती. तिथे एक म्हातारे कामगार रोज सकाळी चहा पिऊन यादीवरून बोट फिरवत बसत. स्वतःचं नाव केव्हाच सापडलेलं होतं. आपल्या पाळीतले कोण कोण आहेत ते बघायचे. एके दिवशी ते दुकानात आले. "त्या साताऱ्याकडच्या बाईला तू नाव नाही म्हणालास ना? चौदाव्या पानावर आहे. खालून सातवं."

मी फाईल उघडली. चौदावं पान, खालून सातवं. नाव होतं, पुढे पावतीचा नंबरही होता. मी शोधाच्या चौकटीत पुन्हा आडनाव टाईप केलं. सापडत नाही. नाव डोळ्यांसमोर दिसत होतं आणि मशीन नाही म्हणत होतं. मग मी यादीतल्या नावाची एक नक्कल कोऱ्या पानावर घेतली, तिच्याखाली तेच आडनाव हाताने टाईप केलं आणि दोन्ही शेवटून एकेक अक्षर खोडत आलो. ह जाईपर्यंत दोन्ही सारखी होती. ह गेला आणि वरच्या ओळीत चंद्रकोर एकटी लटकत राहिली. खालच्या ओळीत तिच्या जागी टिंब असलेला, पाय मोडलेला ऱ उभा होता. तेवढा फरक. एका ओळीत ती चंद्रकोर धरून ठेवणारं अदृश्य अक्षर अजून शिल्लक होतं, एका ओळीत ते कधी नव्हतंच.

पुढे मी याबद्दल मिळेल ते वाचलं. आपणच एकटे नाही, हे कळलं. कोरियन लिपीत शब्दाचा प्रत्येक तुकडा एका चौकटीत लिहितात आणि तुकड्याच्या शेवटी येणारं व्यंजन त्या चौकटीत खाली बसवतात. त्याला ते बात्चिम म्हणतात, म्हणजे खालून दिलेला आधार. गिरगावातल्या जुन्या चाळींच्या गॅलऱ्यांना लाकडी टेकू लावलेले असतात, ते मला आठवले. युनिकोडमध्ये कोरियन व्यंजन सुरुवातीला आलं तर त्याचा क्रमांक वेगळा, शेवटी आलं तर वेगळा. सुरुवातीची १९, स्वर २१, शेवटची २७. शिवाय यांच्या जुळणीतून होणाऱ्या ११,१७२ चौकटी तयारही ठेवलेल्या आहेत. म्हणजे एकच शब्द सुट्या भागांनीही लिहिता येतो आणि तयार चौकटींनीही. डोळ्यांना एकच, मशीनला दोन. पण या दोन्ही एकच मानाव्यात असा नियम युनिकोडने केला आहे आणि मजकूर एका रूपात आणायची ठरलेली रीत आहे. टिंबवाला ऱ आणि र ला वेगळं टिंब जोडून केलेला ऱ यांनाही तो नियम लागू पडतो. आपल्या चंद्रकोरीच्या दोन रीतींना मात्र लागू पडत नाही. पहिली रीत जुन्या मजकुरासाठी चालू ठेवलेली आहे, दुसरीही आहे, आणि दोन्ही जुळवून घ्यायचं काम टाईप करणाऱ्यावर आहे. ते माझं काम होतं.

बाईंचा पत्ता त्या म्हाताऱ्यांकडून मिळाला. डिलाईल रोडच्या एका चाळीत त्या दिराकडे राहत होत्या. मी संध्याकाळी गेलो. पावतीचा नंबर कागदावर लिहून नेला होता. त्यांनी चहा केला. मी सगळं सांगितलं, नाव होतं, चूक माझी. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग त्या चार महिन्यांत काय झालं ते सांगितलं. माझं ऐकून त्यांनी अर्ज नव्याने करायचं ठरवलं. दाखल्यांसाठी साताऱ्याकडे गावी तीन खेपा झाल्या. मुलगा बदलीवर कुठेतरी काम करत होता, त्याचे खाडे झाले, ते काम सुटलं. आणि या धावपळीत एका खेपेला एसटीत पिशवी राहिली. पिशवीत नवऱ्याचा गिरणीचा पास होता, मूळ. "त्यावर त्यांचा फोटू हुता," त्या म्हणाल्या. "लगीन व्हायच्या आधीचा. दुसरा न्हाई आमच्याकडं."

मी काय बोललो ते आठवत नाही. त्यांनी मात्र एकच गोष्ट विचारली. रागाने नाही, खरंच समजून घ्यायचं म्हणून. "भाऊ, कागूद तुमच्या टेबलावरच हुता की त्या दिशी. त्यावर का नाय बघितलं?"

यादीची छापील प्रत खरंच तेव्हा माझ्या टेबलावर होती. चहाचा कप तिच्यावर ठेवलेला होता.

दुसऱ्या दिवशी बसून मी यादीतली ऱ्य आणि ऱ्ह असलेली सगळी नावं दोन्ही रीतींनी शोधली. एक्केचाळीस निघाली. बावीस पहिल्या तुकड्यातली. यांच्यापैकी कितीजण माझ्या दुकानात येऊन नाही ऐकून गेले असतील? ज्यांना नंबर लिहून दिले त्यांची नोंद माझ्या वहीत होती. ज्यांना नाही म्हटलं त्यांची नव्हती. मग ती बावीस नावं कागदावर घेऊन मी चाळी पालथ्या घातल्या. काळाचौकी, घोडपदेव, शिवडी, करी रोड. एकोणीस सापडली. पाचजण खरंच येऊन गेले होते. दोघांनी मनावर घेतलं नव्हतं, त्यांच्याकडे पावत्या होत्या. एकाने दुसऱ्यांदा अर्ज केला होता. दोघांनी नाद सोडला होता. तिघांचा पत्ताच लागला नाही. कोणी म्हणालं कोकणात गेले, कोणी म्हणालं खोली विकून बदलापूरला.

पहिली सोडत २०१२ च्या जूनमध्ये निघाली, ६,९२५ घरांची. बाईंचा नंबर त्यात लागला नाही. तो माझ्यामुळे नव्हे, अर्ज तर पहिल्यापासून जागेवरच होता.

पासाची एक झेरॉक्स त्यांच्याकडे उरली होती, पहिल्या अर्जाच्या वेळी काढलेली जादा प्रत. ती मी मागून आणली. वाटलं, स्कॅन करून चेहरा थोडा तरी उजळता येईल. दोन दिवस प्रयत्न केला. तिकीट नंबर स्वच्छ वाचता येतो, खात्याचं नाव वाचता येतं, भरती झाल्याची तारीखही. फोटोच्या चौकोनात काळा डाग आहे, आणि एका बाजूला कानाची कड.